१९७४ ची अँबेसिडर, बिनशिशाचं पेट्रोल आणि ई-२०: हेड उतरवू की नको?

कागलकर_७४ | शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मामांची अँबेसिडर मार्क टू, १९७४ ची, आता माझ्या ताब्यात आलीय. मामांचे गुडघे दुखायला लागले आणि १९९९ च्या सुमाराला गाडी कागलच्या घरामागच्या शेडमध्ये गेली. त्यानंतर हललेली नाही. इंजिन जाम झालेलं नाही, हँडल घातलं की फिरतं. कागदपत्रं सगळी आहेत. पत्रा ठीक, खालचे जॅकिंग पॉइंट मात्र सडलेत.

आता मुद्दा. कोल्हापुरात तीन ठिकाणी दाखवली आणि तीन मतं मिळाली. पहिले म्हणाले, "हे लेडच्या पेट्रोलचं इंजिन. आताचं पेट्रोल घातलंत तर व्हॉल्व्ह सीट खाऊन टाकेल. हेड उतरवा, आठच्या आठ सीट नव्या बसवा, मगच रस्त्यावर काढा." (हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, सीट म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह टेकतो ती त्यातली गोल कड.) दुसऱ्यांनी एक बाटली पुढं केली, दर टाकीला टोपणभर घाला म्हणून. तिसरे हसले. "पेट्रोल घाला नि मारा की, काय होतंय!"

माझा वापर म्हणजे रविवारी रंकाळ्यापर्यंत चक्कर, वर्षातनं एखाददुसऱ्या वेळी पुणे, आणि गगनबावड्याला जायची फार हौस. रोजच्या कामाला दुसरी गाडी आहे. कोणाचं ऐकू?

उद्यमनगरी | शनिवार, रात्री १०:१५

भावा, पहिलं अभिनंदन. मार्क टू म्हंजे जाळीवालं तोंड, नाद खुळा.

हेडचं नंतर बगू. आधी सांग, टाकीत जुनं पेट्रोल हाय का? १९९९ ला उभी केली असशील तर त्यात शिसं असणार. कुणाला तोंडानं नळी ओढून ते काढू देऊ नकोस. आमच्या लाईनीत जुन्या माणसांना ती सवय हाय, "एक घोट गेला तर काय मरत न्हाई" म्हणत्यात. हातमोजे घाल, टाकी खाली उतरव, डबडं भरून नीट विल्हेवाट लाव. गटारीत ओतू नको.

दुसरं, हेड उतरवलंस तर व्हॉल्व्हवर नि एक्झॉस्टच्या भोकात राखाडी-पिवळट थर दिसंल. त्यो शिशाचा. वायर ब्रश नि हवेची नळी लावून उडवायचा न्हाई. ओल्या चिंधीनं पुसायचा, तोंडाला मास्क.

सीटबद्दल उद्या सविस्तर लिवतो, आता दुकान बंद करतोय.

मळी_ते_मद्यार्क | शनिवार, रात्री १०:५२

उद्यमनगरी, शिशाबद्दल पहिल्याच प्रतिसादात लिहिलंत हे बरं केलंत. टेट्राएथिल लेड कातडीतूनसुद्धा शरीरात जातं.

मी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे, त्यामुळे या धाग्यावर दोन्ही बाजूंनी बोलणं भाग आहे. आधी शिसं कशाला घालत होते ते सांगते, म्हणजे तिन्ही मेकॅनिकांपैकी कोण किती बरोबर ते कळेल.

१९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना सापडलं, की पेट्रोलमध्ये अगदी थोडं टेट्राएथिल लेड घातलं तर इंजिनाचं नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोक, थांबतं. १९२३ पासून ते पंपावर विकायला लागलं. म्हणजे मूळ काम ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची न ठोकण्याची ताकद, वाढवण्याचं. स्वस्तातलं पेट्रोल जास्त दाबाच्या इंजिनात चालावं एवढाच हेतू होता. व्हॉल्व्ह सीट कोणाच्या डोक्यातही नव्हती. पण जळल्यावर शिशाची संयुगं एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याची सीट यांच्यामध्ये पातळ थर धरून बसायची. तापलेलं लोखंड तापलेल्या लोखंडाला थेट भिडत नव्हतं. हा फायदा फुकटात मिळाला आणि पुढची कित्येक वर्षं इंजिनं बनवणारे त्यावर विसंबून राहिले.

थर नसेल तर काय होतं? व्हॉल्व्ह बंद होताना सीटला क्षणभर चिकटतो, उघडताना लोखंडाचा कण ओढून नेतो. हे मिनिटाला हजारहून जास्त वेळा. निघालेले कण पुढे पॉलिश पेपरचं काम करतात. सीट खाली खाली जाते, टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली मोकळी जागा) कमी होते, आणि एक दिवस फट संपते. मग व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गरम वायू कडेनं सुटतो आणि व्हॉल्व्ह जळतो.

यात दोन गोष्टी लागतात: कडक उष्णता, आणि ती बराच वेळ. त्यामुळे रंकाळ्याची चक्कर आणि पुण्याचा हायवे यांना एकाच मापानं मोजता येणार नाही.

आता तारखा. भारतात १ एप्रिल १९९५ ला चार महानगरांत बिनशिशाचं पेट्रोल आलं, तेही कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाल्या नव्या गाड्यांसाठी. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं बंद. जगात सगळ्यांत शेवटी अल्जीरियानं २०२१ मध्ये बंद केलं. मामांची गाडी १९९९ ला थांबली, म्हणजे तिनं कोल्हापुरात बिनशिशाचं पेट्रोल बहुधा चाखलेलंच नाही. म्हणून हा प्रश्न इथं खरा आहे. एरवी "माझी गाडी जुनी आहे" म्हणणाऱ्या बहुतेकांची गाडी गेली पंचवीस वर्षं बिनशिशावरच पळतेय.

पद्मिनीपुत्र | रविवार, सकाळी ७:३०

आमच्या फियाटला हा त्रासच नाही. अॅल्युमिनियमचं हेड, त्यात सीट कंपनीतूनच वेगळ्या बसवलेल्या. म्हणून म्हणतो, अँबेसिडर विका आणि पद्मिनी घ्या. 😀

कागलकर_७४ | रविवार, सकाळी ८:०५

@पद्मिनीपुत्र, मामा हयात आहेत आणि हा धागा त्यांना वाचून दाखवतोय. जपून.

@मळी_ते_मद्यार्क, ताई, फार आभार. म्हणजे पहिले मेकॅनिक बरोबर म्हणायचे?

उद्यमनगरी | रविवार, सकाळी ९:२०

निम्मं बरोबर. बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) हेडात सीट थेट कापलेली असती, वेगळी रिंग नसती, हे खरं. अँबेसिडरचं १४८९ सीसीचं इंजिन म्हंजे मूळ इंग्लंडचं बीएमसी बी-सिरीज. तिथंबी ह्या हेडाला हीच तक्रार. पण "आठच्या आठ सीट बसवा" हे चूक. इनटेक व्हॉल्व्ह हवा-पेट्रोलच्या ताज्या गार मिक्श्चरनं थंड ऱ्हातो, त्याची सीट झिजून खाली बसत न्हाई. नव्या बसवायच्याच तर एक्झॉस्टच्या चार.

आता माझा धंदाच ह्यो हाय, तरी सांगतो, लगेच बसवू नको. का ते ऐक.

सीट बसवायची म्हंजे हेडात गोल खिसा कापायचा, रिंग थोडी मोठी करायची, तीन-चार थाऊ (थाऊ म्हंजे इंचाचा हजारावा भाग), आणि हेड तापवून, रिंग गार करून ठोकायची. पन्नास वर्षांच्या हेडात पाण्याची वाट आतनं गंजून किती पातळ झालीय ते बाहेरनं दिसत न्हाई. कटर जरा खोल गेला की पाण्यात उतरला. मग ते हेड भंगारात. चांगलं हेड मिळत न्हाई आता. आणि घाईत बसवलेली रिंग सैल पडली तर थेट पिस्टनच्या डोक्यावर येती. जे काम चालत्या हेडाला लागतच न्हाई त्यापायी एवढा धोका कशाला?

त्यापेक्षा टॅपेट बोलतोय ते ऐक. सगळे टॅपेट मॅन्युअलप्रमाणं लाव. ह्या इंजिनाला १५ थाऊ. फट लिहून ठेव, आठही व्हॉल्व्हची. मग गाडी चालव आणि परत मोज. सीट खाली जात असंल तर फट कमी कमी होत जाती. पुढून मोजलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हंजे एक, चार, पाच आणि आठ नंबर. त्यात चार आणि पाचवर डोळा ठेव. मधल्या दोन सिलिंडरचा धूर एकाच भोकातनं बाहेर जातो, म्हणून तिथं ऊन जास्त. खाली बसणारच असली तर आधी तिथली सीट बसती.

लावायची जुनी रीत: नऊची बेरीज. एक नंबर पूर्ण दाबलेला असताना आठ लावायचा, चार दाबलेला असताना पाच, असं.

फट हलली न्हाई तर हेडाला हात लावू नको. हलायला लागली, की ये माझ्याकडं.

लेस्टरचा_पाव्हणा | रविवार, दुपारी २:१०

मूळचा शाहूपुरीचा, सध्या मुक्काम इंग्लंड. उद्यमनगरींनी लिहिलंय त्याला इकडचा अनुभव जोडतो, कारण हा गोंधळ इकडे पंचवीस वर्षांपूर्वी होऊन गेलाय.

इथं शिशाचं पेट्रोल १ जानेवारी २००० पासून बंद झालं, म्हणजे भारताच्या महिनाभर आधी. त्याआधी मासिकांमधून अक्षरशः आकांत होता. आता सगळ्या मॉरिस, एमजी, ट्रायम्फ संपणार! पंपावर शिशाऐवजी पोटॅशियमवालं वेगळं पेट्रोल मिळायचं, ते काही वर्षांत मागणीअभावी गुंडाळलं. फेडरेशन ऑफ ब्रिटिश हिस्टॉरिक व्हेइकल क्लब्ज या संघटनेनं बाटल्यांची रीतसर चाचणी करवून घेतली. मुद्दाम इंजिनावर भार टाकून, सीट किती खाली जाते ते मोजून. काही बाटल्या पास झाल्या, त्यांना शिफारस मिळाली. त्यात सोडियम, पोटॅशियम, मँगनीज, फॉस्फरस असे वेगवेगळे प्रकार असतात. एक नियम सगळ्यांना सारखा: एक प्रकार धरला की त्यावरच राहायचं, दोन प्रकार टाकीत मिसळायचे नाहीत.

म्हणजे बाटली हे थोतांड नाही. पण "शिशाला पर्याय" आणि "ऑक्टेन बूस्टर" आणि "इंजेक्टर क्लीनर" या तीन वेगळ्या बाटल्या आहेत. तुमच्या दुसऱ्या मेकॅनिकनं कोणती पुढं केली ते लेबलावर वाचा. इंजेक्टर साफ करणारं औषध कार्ब्युरेटरच्या अँबेसिडरमध्ये ओतून सीट वाचणार नाही.

प्रत्यक्षात काय झालं? रविवारी चहाला जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना काहीच झालं नाही. जुन्या शिशाचा थर काही काळ पुरतो, आणि हळू चालणाऱ्या इंजिनाची सीट तितकी तापतच नाही. ज्यांनी मोटरवेवर तासन्‌तास पाय दाबून ठेवला, कॅराव्हॅन ओढली, त्यांचे टॅपेट बंद झाले. बहुतेक लोकांनी मग हेड कधीतरी दुसऱ्या कारणानं उतरलं तेव्हाच चार सीट टाकून घेतल्या. मीही तेच सुचवीन.

पुण्याला जाताना ताशी ६०-७० ने जा. तसंही त्या ब्रेकवर याहून जास्त नको.

जीप_आणि_घाट | रविवार, सायंकाळी ६:३५

तुम्ही सगळे शिशावर अडकलात आणि खरा चोर मागच्या दारानं आत गेलाय. इथेनॉल!

माझ्याकडे जुनी महिंद्रा सीजे थ्री-बी आहे, हरिकेन इंजिनाची. शिसं गेलं, जीपला कळलंही नाही. पण ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून पेट्रोलचे रबरी पाईप आतून फुगले, हातात घेतले तर च्युइंगमसारखे. बाहेरून मात्र नवेकोरे दिसत होते. पंपाचा पडदा गेला. फिल्टरमध्ये रोज लाल चिखल. गगनबावड्याच्या अलीकडे पेट्रोल ठिबकत होतं, ते बायकोला वासावरून कळलं, मला नाही.

कागलकर, तुमच्या गाडीतलं सगळं रबर १९९९ च्या आधीचं. सीट खाली बसायला काही हजार किलोमीटर लागतील. पाईप फाटायला गगनबावडासुद्धा लागणार नाही, आणि तो फाटतो नेमका तापलेल्या एक्झॉस्टच्या वर. अँबेसिडरचा कार्ब्युरेटर कुठं बसतो बघा: एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या डोक्यावर.

ऊस_आणि_ऊन | रविवार, सायंकाळी ७:०२

झालं सुरू. आमच्या उसाला नावं ठेवली की दिवस गोड जातो का लोकांचा? इथेनॉलमुळं कारखान्याला पैसा मिळतो, बिलं वेळेवर निघतात. हौसेच्या गाड्यांसाठी शेतकऱ्यानं काय उसाचा रस पीत बसायचा?

जीप_आणि_घाट | रविवार, सायंकाळी ७:०९

दादा, माझाही शिरोळ तालुक्यात ऊस आहे. माझाच ऊस माझी जीप खातोय, तक्रार कोणाकडं करू?

व्यवस्थापक | रविवार, सायंकाळी ७:३०

ऊसदर, एफआरपी आणि कारखान्यांचं राजकारण यांसाठी वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत. इथं गाडी.

मळी_ते_मद्यार्क | रविवार, रात्री ९:१५

माझं दुसरं घोडं आता पुढे काढते. जीपवाल्यांचं बरोबर आहे. ऊसवाल्या दादांचंही बरोबर आहे, पण ते या धाग्यात मोडत नाही.

१० टक्क्यांचं मिश्रण देशानं जून २०२२ मध्ये गाठलं, ई-२० ची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पसरलं. साधं, इथेनॉल नसलेलं पेट्रोलही पंपावर ठेवा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. म्हणजे यातून पळवाट शोधण्यापेक्षा गाडी तयार करणं सोपं. क्रमानं सांगते.

रबर. जुनं नैसर्गिक रबर आणि जुन्या धर्तीचं नायट्राइल इथेनॉलनं फुगतं, मग वाळलं की भेगाळतं. नवा पाईप घेताना "पेट्रोल पाईप" एवढ्यावर समाधान मानू नका. पाईपवर एसएई जे-३० आर-९ असं छापलेलं बघा, त्याचं आतलं अस्तर फ्लुओरोइलास्टोमरचं असतं. व्हिटॉन म्हणून विकतात ते हेच. टाकीच्या गळ्यापासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे तुकडे एकदम बदला. पंपाचा पडदा आणि झडपा, कार्ब्युरेटरचं किट, टाकीतल्या फ्लोटखालचं कॉर्क गॅस्केट, हेही त्यातच.

टाकी. इथेनॉल चांगलं द्रावक आहे. पंचवीस वर्षं टाकीच्या भिंतीला धरून बसलेला डिंक आणि गंज ते सोडवून आणतं. जीपच्या फिल्टरमधला लाल चिखल तोच. टाकी उतरवून धुऊन घ्या आणि पहिले काही महिने पारदर्शक फिल्टर लावा, म्हणजे काय येतंय ते दिसतं.

पाणी. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. कोल्हापूरचा पावसाळा, उघड्या वाफनळीची जुनी टाकी आणि महिनोन्‌महिने उभी गाडी, हे तिन्ही एकत्र आले की भीती असते. ई-२० बरंच पाणी पोटात धरून ठेवतं, ई-१० पेक्षा जास्त. पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं, आणि पेट्रोल ओढायची नळी नेमकी तळाशी असते. जूनच्या आधी एक तर टाकी काठोकाठ भरा, नाही तर पूर्ण रिकामी करा. अर्धी ठेवू नका.

मिक्श्चर. हे मेकॅनिक लोक सहसा सांगत नाहीत. इथेनॉलमध्ये वजनाच्या जवळपास ३५ टक्के ऑक्सिजन असतो. म्हणजे त्याला जळायला हवा कमी लागते. शुद्ध पेट्रोलला एका भागाला साधारण १४.७ भाग हवा, ई-२० ला साधारण १३.५. नव्या गाडीत सेन्सर हे ओळखतो आणि पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला डोळे नाहीत. तो जुन्याच मापानं देत राहतो, मिक्श्चर पातळ होतं, इंजिन गरम चालतं. आणि गरम एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणजे? बरोबर, परत सीट. शिसं गेलं त्यानं जेवढं झालं नसतं तेवढं पातळ मिक्श्चरमुळं होऊ शकतं.

उपाय मुख्य जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं भोक) एक पायरी मोठा करणं. जेटवर भोकाचं माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतं. समजा १२० आहे. १२५ घातला तर भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्के वाढतं. ई-२० ला आकारमानानं सात-साडेसात टक्के जास्त इंधन लागतं, म्हणजे जवळपास जुळलं. मग स्पार्क प्लगचा रंग बघा. पांढरा फटक असेल तर अजून पातळ, फिकट तपकिरी असेल तर सोडून द्या.

उद्यमनगरी | रविवार, रात्री ९:४८

ताई, जेटचं गणित भिंतीवर चिकटवणार मी.

एक भर घालतो. कुणी जेटचं भोक तारेनं किंवा ड्रिलनं मोठं करून देतो म्हणाला तर देऊ नका. भोक वाकडं हुतं. नवा जेट घ्या, जुना डबीत ठेवा.

कागलकर_७४ | सोमवार, सकाळी १०:२०

मामांचा प्रश्न: "आमच्या वेळेला गाडी घाटात ठोकायची, तेव्हा ठिणगीचं टायमिंग मागं घ्यायचो. आता काय?" आणि माझा प्रश्न: १०० ऑक्टेनचं महाग पेट्रोल घालू का? एक जण म्हणाला त्यात इथेनॉल नसतं.

लेस्टरचा_पाव्हणा | सोमवार, दुपारी ३:४०

मामांना नमस्कार सांगा. त्यांच्या काळचं पेट्रोल कमी ऑक्टेनचं होतं. आता साधंच पेट्रोल त्याहून बऱ्याच जास्त ऑक्टेनचं आहे आणि तुमच्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो फार तर सात-साडेसात. ठोकणार नाही. ठोकलीच तर आत कार्बन साचलाय किंवा डिस्ट्रिब्युटरचं स्प्रिंग ढिलं झालंय. १०० ऑक्टेननं अँबेसिडर तसूभरही जास्त पळणार नाही.

मळी_ते_मद्यार्क | सोमवार, रात्री ८:३०

इथेनॉल आहे की नाही यावर वाद कशाला, मोजा. १०० मिलिलिटरची मापाची उभी नळी घ्या. त्यात १० मिलि पाणी, वर ९० मिलि पेट्रोल. झाकण लावून हलवा, दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं. खालचा थर दहावरच राहिला तर इथेनॉल नाही. ई-२० असेल तर तो २६-२८ पर्यंत चढतो. अंगणात करा, स्वयंपाकघरात नको, आणि आसपास कोणी विडी ओढत नाही ना ते बघा.

इथेनॉल नसलेलं मिळालं तर पावसाळ्यात गाडी उभी करताना शेवटची टाकी त्याची भरायला माझी हरकत नाही. रोज घालायची गरज नाही. जीपवाले बहुतेक माझ्याशी सहमत नसतील.

जीप_आणि_घाट | सोमवार, रात्री ८:४४

नाहीच. जीप महिन्याला किती पळते? मी तेच घालतो, खिशाला परवडतं तोवर.

धूरकट_येझदी | सोमवार, रात्री ९:०५

माझ्या येझदीला व्हॉल्व्हच नाहीत. टू स्ट्रोक. तुमचा निम्मा धागा मला लागू नाही, खुशीत वाचतोय.

मळी_ते_मद्यार्क | सोमवार, रात्री ९:१२

उरलेला निम्मा लागू आहे. पातळ मिक्श्चरनं टू स्ट्रोकचा पिस्टन आधी पकडतो, कारण तुमचं ऑइल पेट्रोलमधूनच जातं. जेट बघा. आणि मिसळलेलं पेट्रोल साठवून ठेवू नका, लागेल तेवढंच मिसळा.

धूरकट_येझदी | सोमवार, रात्री ९:१४

खुशी संपली.

पद्मिनीपुत्र | मंगळवार, सकाळी ७:५०

घाटाचं कोणी लिहिलं नाही म्हणून. मे महिन्यात गगनबावड्याहून करूळ घाटानं खाली गेलात तर परत चढताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये बराच वेळ लागतो. वर येऊन चहाला थांबलात, बंद केली, की नंतर चालू होत नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल खालच्या मॅनिफोल्डच्या आचेनं उकळतं. जुने ड्रायव्हर पंपावर ओला फडका टाकायचे, अजूनही तो चालतो. पण त्याआधी कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा लावून घ्या आणि पाईप एक्झॉस्टपासून लांबून फिरवा. घाट चढून आल्यावर लगेच बंद करू नका, दोन मिनिटं आयडलिंगला ठेवा. बॉनेटही उघडंच ठेवा, फोटोही चांगला येतो.

गार सकाळी उलटा त्रास. इथेनॉलची वाफ व्हायला जास्त उष्णता लागते, त्यामुळे डिसेंबरात चोक पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो. गाडी बिघडली असं समजून पॉइंट घासत बसू नका.

ऊस_आणि_ऊन | मंगळवार, सकाळी ११:३०

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते, तिला काय घालत असतील हो?

उद्यमनगरी | मंगळवार, दुपारी १:०५

त्या गाडीचं बघणारी माणसं येगळी हायेत, आपण लांबनं हात जोडायचे. चौकात ती चालती किती? सीट बसायला मेबॅकला हायवे दाखवावा लागंल. 😀

कागदोपत्री | मंगळवार, सायंकाळी ५:४५

थोडं विषयाबाहेर, पण कागलकरांच्या कामाचं. ५० वर्षं पूर्ण झालेल्या आणि मूळ रूपात असलेल्या खासगी गाड्यांसाठी जुलै २०२१ पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी तरतूद आहे. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर "व्हीए" येतं. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नूतनीकरणाला ५,०००. पण अट वाचा: अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्याचसाठी रस्त्यावर आणता येते. रविवारची रंकाळ्याची चक्कर यात बसवणं अवघड. फिरवायची हौस असेल तर जुनीच नोंदणी नूतनीकरण करून चालू ठेवता येते का ते आधी बघा, मग व्हिंटेजचा विचार करा. आणि मूळ रूप म्हणताना चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. सीटची रिंग आणि पाईप बदलल्यानं काही बिघडत नाही, इंजिन बदललंत तर बिघडतं.

कागलकर_७४ | बुधवार, रात्री १०:१०

सगळ्यांचे आभार. ठरलं ते असं. टाकी आज उतरवली. तळाशी तपकिरी, डिंकासारखं काहीतरी आहे, पेट्रोलचा वासही उरलेला नाही. हातमोजे घालून काढलं, बंद डब्यात ठेवलंय. पाईप, पंपाचं किट, कार्ब्युरेटरचं किट, कॉर्क गॅस्केट यांची यादी केलीय. ब्रेकचं काम आधी, कारण चारही चाकांचे सिलिंडर गळतात. हेड उतरवत नाही. टॅपेट लावून फट वहीत लिहिणार. जेट बघितला, त्यावरचा आकडा झिजलाय, वाचता येत नाही.

बाटलीचं लेबल वाचलं. इंजेक्टर क्लीनर निघालं.

मामा म्हणतात, पुण्याला आधी नको, आधी नृसिंहवाडी.

उद्यमनगरी | बुधवार, रात्री १०:३२

जेट घेऊन ये, पिन गेजनं मोजून देतो. टॅपेट कव्हरचं कॉर्क पॅकिंगबी नवं आण, जुनं उघडलं की तुकडे हुणार. वाडीला जाऊन आलास की इंजिन गार झाल्यावर चार आणि पाच परत मोज, आकडे इथंच टाक. माझा अंदाज, हलायचे न्हाईत.

मळी_ते_मद्यार्क | बुधवार, रात्री १०:४०

तो डबा भंगारवाल्याला देऊ नका. एमआयडीसीतल्या ज्या कारखान्यांकडून घातक कचरा अधिकृतपणे उचलला जातो, त्यांच्यापैकी ओळखीच्या कोणाला विचारा. आणि डब्यावर ठळक लिहून ठेवा: शिसं.

हेराल्डवाला | गुरुवार, सकाळी ९:१५

उशिरा आलो. माझ्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे, तिचं हेडही बीडाचंच. पण मागच्या मालकानं काहीतरी सीटचं काम केलंय म्हणतात. हेड न उतरवता कळेल का?

उद्यमनगरी | गुरुवार, सकाळी ९:५०

प्लगच्या भोकातनं बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून बघ. मोबाईलला जोडायचा मिळतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असताना सीटभोवती येगळ्या रंगाची बारीक गोल रेघ दिसली तर रिंग बसवलीय. दिसली न्हाई तर नवा धागा काढ, हेराल्डच्या गिअरबॉक्सवर मलाबी बोलायचंय.